रायपूरच्या भनपुरीत प्रोसेसरसाठी कूलर घेताय?

मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. कूलर निवडताना हे आधी लक्षात घ्या, कारण एअर असो वा लिक्विड, कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७० वर चालणारा प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत साधारण ८५ गाठतो.

डब्यावरच्या वॉटवर विसंबू नका. इंटेल आय५-१२४०० वर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण पूर्ण जोरात तो ११७ पर्यंत खेचतो. बिलं, ब्राउझिंग एवढंच काम असेल तर सोबत आलेला कूलर पुरतो. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंग असेल तर चार हीटपाइप आणि १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर घ्याच. आधी कॅबिनेटची रुंदी मात्र तपासा. टॉवर कूलरची उंची कॅबिनेटच्या रुंदीत मावावी लागते, आणि डीपकूल एके४०० ची उंचीच १५५ मिमी आहे.

आपल्याकडे खरा त्रास धुळीचा. भनपुरी, उरला, सिलतरा हा सगळा कारखान्यांचा पट्टा. पंख्याच्या क्लिपा काढून बघा, पत्र्यांच्या फटींत काळा थर नमद्यासारखा बसलेला दिसेल. म्हणून पंखा सहज निघणारा कूलर मी सुचवतो. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. डेझर्ट कूलरचा दमट झोतही थेट कॅबिनेटवर नको. ओलाव्याने धूळ चिकटून बसते.

कूलर उतरवलाच, तर जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. वाटाण्याएवढी पुरे.