घराचे माप घेणारा धंदा

ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून बैलगाडीची चाके बनवण्याचा उल्लेख आहे. देशावरून घाट उतरून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गाडीला इथली चाके बसत, असे त्यात म्हटले आहे. या नोंदीत धंद्याची सगळी मेख आहे. पनवेलच्या सुतारांना गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागले नाही. गाड्या दारावरून जात होत्या, खडकाळ घाटाने चाके झिजत होती आणि चाक कोणत्या मापाचे लागते हे सुतारांना पाठ होते. चाक कितीही देखणे घडवले, पण ते आसावर बसले नाही, तर त्याला कोण विचारणार? घरातल्या लहानमोठ्या वस्तूंची, म्हणजे ज्याला हल्ली होम अ‍ॅक्सेसरीज म्हणतात त्या मालाची, रचना करणारी कंपनी वाढते ती याच कारणाने वाढते, असे माझे मत आहे. ती सौंदर्यावर उभी राहते हा समज अर्धाच खरा आहे. सौंदर्यामुळे पहिली वस्तू विकली जाते. पुढच्या दहा हजार वस्तू विकल्या जातात त्या कंपनीने घराचे माप नीट घेतलेले असते म्हणून.

आणि माप घ्यावे अशी घरे आज महाराष्ट्रात जिथे वेगाने वाढत आहेत, त्यांत पनवेल अग्रभागी आहे. १८५२ साली नगरपालिका मिळालेले हे जुने गाव १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाले. मधल्या काळात, १९७०मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल ही उपनगरे उभी केली. २०११च्या जनगणनेत आजच्या महापालिका हद्दीतली लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास होती. त्यानंतर किती इमारती उठल्या हे महामार्गावरून जाणाऱ्या कुणालाही दिसते. यातली बरीच घरे एक किंवा दोन बेडरूमची. किल्ली हातात पडली की देव्हारा कुठे बसवायचा, चपला कुठे ठेवायच्या, खिडकीच्या ग्रिलमध्ये तुळस कशी उभी करायची, वाळत घातलेले कपडे पावसाळ्यात कुठे न्यायचे, हे प्रश्न त्याच आठवड्यात सुरू होतात. सोफा आणि पलंग यांची उत्तरे बाजारात तयार मिळतात. या लहान प्रश्नांची उत्तरे मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी घरासाठी बनवलेली असतात. बंगल्याच्या दिवाणखान्यात शोभणारा देव्हारा इथे स्वयंपाकघरातल्या फ्रिजशेजारी उभा राहतो आणि त्याचे दार पूर्ण उघडत नाही.

अशा लहान प्रश्नावर धंदा उभा राहू शकतो याचा मराठी दाखला आहे. मुंबईचे सजावटकार नानासाहेब शेंडकर यांनी थर्माकोलच्या मखरांना पर्याय म्हणून पुठ्ठ्याची, घडी घालता येणारी मखरे ‘उत्सवी’ या नावाने बाजारात आणली. वर वर पाहता हा पर्यावरणाचा विषय, आणि तो आहेही. पण त्या मखराकडे वस्तू म्हणून जवळून पाहावे. थर्माकोलचे मखर जागा खाते, नेता-आणताना त्याचा कोपरा तुटतो आणि पुढच्या वर्षी वापरावे म्हटले तर दहा बाय दहाच्या खोलीत ते ठेवायचे कुठे? पुठ्ठ्याचे मखर सपाट खोक्यात येते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते उलगडायचे, खाचेत खाच बसवायची, आणि विसर्जन झाले की पुन्हा घडी करून माळ्यावर सरकवायचे. दुकानदाराला कमी जागेत जास्त नग ठेवता येतात, टेम्पोत एका फेरीत अधिक माल जातो, आणि मुलगा परदेशात असेल तर त्याच्याकडेही ते पाठवता येते. रचनाकाराने इथे कमान, खांब, महिरप हे सगळे राखले. बदलली ती वस्तूची घडी. पुढे २३ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी घातली, तेव्हा हा पर्याय आधीच तयार होता. कायद्याने त्याला बळ दिले हे खरे, पण घराची अडचण ओळखण्याचे काम कायद्याच्या बरेच आधी झाले होते.

जगातल्या सर्वांत मोठ्या फर्निचर कंपनीचा उत्कर्षही एका घडीपासूनच सुरू झाला. स्वीडनच्या आयकियाने १९५६च्या सुमारास टेबलाचे पाय सुटे करून ते सपाट खोक्यात विकायला सुरुवात केली, आणि वाहतुकीचा खर्च किमतीतून उतरला. त्याच आयकियाचे भव्य दुकान १८ डिसेंबर २०२०पासून तुर्भ्याला आहे. पनवेलहून ठाण्याची लोकल पकडली की थेट तिथे जाता येते. मग शेजारी असा हत्ती उभा असताना पनवेलच्या छोट्या कंपनीने काय करायचे, हा आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून चालणार नाही. आधी किंमत ठरवायची आणि मग त्या किमतीत बसणारी वस्तू रचायची ही आयकियाची पद्धत आहे, आणि स्टीलचा डबा किंवा साधी फळी यांत त्यांच्या किमतीशी भिडण्याचा प्रयत्न आत्मघात ठरेल. पण एवढ्या मोठ्या कंपनीला परवडते ती वस्तू अनेक देशांत एकाच आकारात खपणारी असावी लागते. चौरंग, समईखालची तेल शोषणारी थाळी, ग्रिलमध्ये बसणारी तुळशीची कुंडी, गौरीचे मुखवटे वर्षभर ठेवायची पेटी, यांचे गिऱ्हाईक त्यांच्या हिशेबाने किरकोळ आहे. रायगड, ठाणे, मुंबई आणि पुणे एवढ्याच पट्ट्यात धंदा करणाऱ्या कंपनीला मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या पुरेल.

शिवाय इथली हवा हा स्वतंत्र विषय आहे. कोकणात जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते. भुशाच्या दाबलेल्या फळीचे कपाट मोरीजवळ असले की तळाशी फुगते, वरचा कागद पोपडे धरतो. लोखंडी खिळा गंजून लाकडावर तपकिरी डाग पडतो. बंद खणात बुरशी चढते. कोरड्या हवेसाठी रचलेल्या वस्तूला हे सोसत नाही. तळाशी बोटभर उंचीचे पाय, पाठीला हवा खेळण्याची फट, पितळी किंवा स्टेनलेसचे स्क्रू, यांत कलेचा आव काही नाही. पण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा त्याच कंपनीकडे येते ते तिसरा पावसाळा निभावून गेला म्हणून.

दुसरा आक्षेप कारागिरीवर प्रेम करणाऱ्यांकडून येतो: सगळे मापात बसवले तर हाताच्या कामाचा प्राण जाईल. सावंतवाडीचे उदाहरण मला याच्या उलट वाटते. तिथल्या चितारी घराण्यांचे लाखकाम आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, लोप पावण्याच्या बेतात असताना, १९७०च्या दशकाच्या आरंभी राजघराण्याच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोंसले यांनी राजवाड्यातच कार्यशाळा सुरू करून ते सावरले. लाखकामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने लाख वितळते आणि रंग लाकडाला धरतो. हात जराही अडखळला तर पट्टा उमटतो. ही कला मापाने मरत नाही, काम नसल्याने मरते. गंजिफा खेळणारे उरले नाहीत, म्हणून पानांवरचे दशावतार पेट्यांवर आणि टेबलांवर आले, आणि चितारींच्या कुंचल्याला काम मिळाले. अमुक आकाराचे दोनशे नग दर महिन्याला हवेत, असे खात्रीने सांगणारी कंपनी कारागिराला जे देते ते प्रदर्शनातली वाहवा देऊ शकत नाही. पनवेलच्या शेजारचे, गणेशमूर्तींचे गाव पेण हे रोज सिद्ध करत असते. साच्यातून मूर्ती काढणारा वेगळा, जोड आणि घासकाम करणारा वेगळा, रंग देणारा वेगळा, आणि डोळ्यांची आखणी करणारा सर्वांत मानाचा. साचा एकच असला तरी आखणी करणाऱ्याचा हात लगेच ओळखू येतो. पेणची उणीव निराळी आहे. तिथून पुष्कळ मूर्ती कच्च्या, म्हणजे बिनरंगाच्या बाहेर जातात, आणि रंगाबरोबर किमतीतला मोठा वाटाही दुसऱ्या गावात पडतो. रचना आणि विक्री स्वतःच्या हातात ठेवणारी कंपनी जवळपास असती, तर तो वाटा इथेच थांबला असता.

नक्कल होईल ही भीतीही खरी आहे, कारण चांगली वस्तू बाजारात आली की पुढच्या हंगामात तिची भावंडे निघतात. पण याबाबत आपले उद्योजक स्वतःहून हत्यार टाकतात. २०००च्या डिझाइन कायद्याखाली वस्तूच्या आकाराची नोंदणी केली की दहा वर्षे संरक्षण मिळते आणि ते आणखी पाच वर्षे वाढवता येते. अट एवढीच की अर्ज वस्तू लोकांसमोर येण्याआधी करावा. उलट नोंदणी न करता त्या आकृतीच्या पन्नासहून जास्त प्रती औद्योगिक पद्धतीने काढल्या, तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे तिच्यावरचा हक्कच संपतो. म्हणजे ज्या वस्तूने कंपनीला नाव मिळवून दिले, तीच एक्कावन्नाव्या नगाला सार्वजनिक होते. आधी विकून पाहू, चालली तर नोंदणी करू, हा व्यवहारी वाटणारा विचार म्हणूनच महागात पडतो.

खरी कसोटी पैशाच्या फेऱ्याची आहे. या धंद्यात गणपती ते दिवाळी एवढ्यातच विक्रीचा मोठा भाग होतो, आणि कच्चा माल व मजुरी मात्र फेब्रुवारीपासून लागते. मोठी दुकाने उधारीवर माल घेतात. एमएसएमई कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते करावे लागतात, आणि २०२४पासून तसे न करणाऱ्या खरेदीदाराला आयकरात त्या खर्चाची वजावट पैसे दिल्याशिवाय मिळत नाही. हे संरक्षण उत्पादकाला आहे. जेएनपीए बंदरात उतरलेला कंटेनर फोडून तोच माल पुढे विकणाऱ्या व्यापाऱ्याला ते लागू नाही. परदेशातून आणून विकणे सोपे वाटते, म्हणून अनेक तरुण तिकडे वळतात. पण स्वतःची रचना नसली की किमतीशिवाय भांडायला काही उरत नाही, आणि उधारी थकली की कायदाही पाठीशी नसतो.

जागेचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. मुंबईला जोडणारा अटल सेतू जानेवारी २०२४मध्ये सुरू झाला, नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, आणि पनवेलमधली जमीन लहान कारखान्याच्या आवाक्याबाहेर चालली आहे. ज्या वाढीमुळे गिऱ्हाईक येते तीच वाढ सुताराला गावाबाहेर काढते. तेव्हा रचना, नमुने आणि विक्री पनवेलमध्ये, कातकाम आणि रंगकाम पेण-कर्जतच्या गावांत, अशी विभागणी करावी लागेल. त्यासाठी प्रत्येक वस्तूचा मोजमापाचा कागद इतका चोख हवा की कर्जतला कातलेला पाय पेणला रंगवलेल्या पाटाला पहिल्या फटक्यात बसला पाहिजे.