गव्हाचे शेवटचे पाणी झाले, आता एक दिवस घराबाहेर



फिरायला जायचे म्हटले की आपले उत्तर ठरलेले असते. पाण्याची पाळी आहे, गाईची धार आहे, पोराची दुसरी शिफ्ट आहे. चाकण, महाळुंगे, निघोजे भागात बाप शेतात आणि मुलगा कारखान्यात. सारे घर एका पंगतीला बसणेही अवघड झाले आहे.

पण फाल्गुनात थोडी सवड सापडते. वेळेवर पेरलेल्या गव्हाला दाणे भरतानाचे शेवटचे पाणी दिले की काढणीपर्यंत दोन-तीन आठवडे त्या वावरात फारसे काम नसते. थंडी सरलेली असते, ऊन तापलेले नसते. चैत्रातल्या जत्रा आणि लग्नसराई अजून पुढे असते.

ठिकाण निवडताना तीन गोष्टी पाहा. एका दिवसात जाऊन येता येते का? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना झेपते का? त्या दिवशी तेथे गर्दी असते का?

जुन्नरचेच पाहा. चाकणहून अंतर सुमारे ६० किलोमीटर. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीमुळे शिवनेरी माणसांनी फुललेला असतो. मार्चमध्ये आडवारी निवांत पाहता येतो. गडावर आग्या मोहोळे असतात, म्हणून धूर करू नये. लेण्याद्रीला सुमारे ३०० पायऱ्या आहेत. आजीचे गुडघे दुखत असतील तर कुकडीकाठचे ओझर बरे. मात्र चतुर्थी टाळावी. येताना नारायणगावला द्राक्षे घ्यावीत.

देहूला तुकाराम बीजेला, म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीयेला, अलोट गर्दी असते. इंद्रायणीकाठी शांत बसायचे असेल तर चार-आठ दिवसांनी जावे.

अर्धाच दिवस मिळाला तर राजगुरुनगरचे कांदा-लसूण संशोधन केंद्र पाहावे. भीमा शक्ती, भीमा किरण हे रब्बी कांद्याचे वाण तेथलेच. आधी विचारून गेल्यास उभे पीक पाहून पुढच्या हंगामाचे बियाणे ठरवता येते.

कारखान्याची सुट्टी कुणाला गुरुवारी, कुणाला रविवारी. गुरुवारची असेल तर सोन्याहून पिवळे, कारण त्या दिवशी गर्दी कमी. पहिल्या शिफ्टच्या गाड्या सुरू होण्याआधी चाकण चौक ओलांडावा.

जनावरांसाठी शेजाऱ्याशी सावड करा. आज आमची धार तुम्ही काढा, पुढच्या आठवड्यात तुमची आम्ही काढू. आणि एक सांगणे पुरुषमंडळींना. सहल म्हणजे घरच्या बाईने पहाटे तीनला उठून दहा जणांच्या दशम्या भाजणे नव्हे. शिदोरी आदल्या रात्री सर्वांनी मिळून बांधा. वर्षातून एक दिवस तिलाही सुट्टी मिळू द्या.