पेन तिच्याच हातात

लेकीचा निबंध आईनं नाहीतर ताईनं लिहून द्यायचा, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या ‘रायटिंग सेंटर’मध्ये नेमकं हेच चालत नाही. तिथे मदतीला बसते कॉलेजातलीच एखादी विद्यार्थिनी, ‘पीअर ट्यूटर’. तिला त्याचं प्रशिक्षण मिळतं, बऱ्याच ठिकाणी तासावर पगारही. पण नियम कडक. दुसरीचा निबंध आपण लिहायचा नाही!

ही पद्धत रुजली गरजेतून. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं शहरात हायस्कूल पूर्ण केलेल्या सगळ्यांना दारं उघडली. कष्टकऱ्यांची मुलं आली. विचार होते, पण कागदावर उतरत नव्हते. आणि वर्गासारखी वाटणारी मदत त्यांना नको होती. ब्रुकलिन कॉलेजच्या केनेथ ब्रफी यांनी मग विद्यार्थ्यांनाच विद्यार्थ्यांशेजारी बसवलं.

ही मुलगी आधी निबंध मोठ्यानं वाचायला लावते. अडखळलं की चूक वाचणारीलाच कळते. मग विचारते, ‘तुला इथं म्हणायचंय काय?’ समोरची घडाघडा सांगते. ‘अगं, मग हेच लिही ना!’ स्पेलिंगची पाळी शेवटी.

उद्या निबंध द्यायचाय, समोरची रडकुंडीला आलीय, तेव्हा खरी कसोटी. चार वाक्यं बदलून देणं सोपं. पण मग निबंध कुणाचा? मात्र जिला इंग्रजी परकी, तिच्या बाबतीत हा नियम फार ताणू नये, असं मला वाटतं. माहीतच नसलेला शब्द प्रश्न विचारून कसा सुचणार? तो सरळ सांगावा.

तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलींनी पहिल्याच महिन्यात या टेबलाशी जावं. सहसा वेगळे पैसे पडत नाहीत, आणि निबंध अर्धवट असला तरी चालतो.