म्हसवडच्या माळावर करंज लावावा का?

म्हसवड : माण तालुका पर्जन्यछायेतला. मुरमाड माळावर बाजरी साधली तर साधली, नाहीतर बियाणंही अंगावर. अशा पडीक जागेत करंज तग धरतो. त्याच्या बियांत साधारण 30 टक्के तेल असतं. ते खायला चालत नाही, पण त्यापासून बायोडिझेल होतं. झाड एकदा लागलं की दरवर्षीची नांगरट नाही, त्यामुळे माती जागेवर राहते. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. पेंडीचं खत होतं, ते वेगळंच.

मात्र बी धरायला चार-पाच वर्षं जातात आणि सुरुवातीचे उन्हाळे पाणी घालावंच लागतं. मोगली एरंडाच्या वेळी मोठे आकडे ऐकून अनेकांनी हात पोळून घेतलेत. म्हणून ज्वारीचं रान मोडू नये. बांध आणि माळच बघावा. बी कोण घेणार, काय भावानं, हे रोपं आणायच्या आधी विचारावं.