मोत माउलीच्या टेकडीवर

वांद्र्याच्या माउंट मेरीला आपल्यापैकी बरेच जण 'कॅथेड्रल' म्हणतात. ते कॅथेड्रल नव्हे. बिशपांचे आसन ज्या चर्चमध्ये असते ते कॅथेड्रल, उदाहरणार्थ मुंबईच्या फोर्टमधले सेंट थॉमस. माउंट मेरी ही बॅसिलिका आहे. हा मान पोप देतात आणि तो या चर्चला १९५४ साली मिळाला. तिथल्या कोळी लोकांना मात्र या दोन्ही शब्दांशी कर्तव्य नाही. त्यांच्यासाठी ती 'मोत माउली'. 'मोत' हा पोर्तुगीज 'मोंत' म्हणजे डोंगर या शब्दाचा अपभ्रंश असावा असे म्हणतात. कुणी मोत्याची माउली असाही अर्थ लावतात. मला पहिला पटतो, पण दुसरा कानाला गोड लागतो.

गेल्या सप्टेंबरात धर्मापुरी परिसरातल्या पारधी वस्तीवरच्या काही बायामाणसांना घेऊन आम्ही मुंबईला गेलो होतो. टेकडीच्या पायथ्याशी त्यातली एक बाई थांबली आणि मला म्हणाली, "दादा, आम्हाला आत जाऊ देतील का?" १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींपैकी तिची एक. तो कायदा १९५२ साली गेला, पण गावात चोरी झाली की पोलीस आधी तिच्याच पालावर येतात. तिचा प्रश्न उगाच नव्हता. तिला उत्तर द्यायचे तर या टेकडीचा इतिहासच सांगावा लागला.

परंपरा सांगते की सोळाव्या शतकात येशूसंघीय धर्मगुरूंनी इथे मरियेची मूर्ती आणून लहानसे प्रार्थनास्थळ केले. १७०० मध्ये अरबी चाचे आले. मूर्तीच्या हातातली सोनेरी वस्तू खऱ्या सोन्याची वाटून त्यांनी तिचा उजवा हात तोडला. पुढे मराठे आणि पोर्तुगीज यांचे युद्ध पेटले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, साष्टीवर पेशव्यांचा अंमल बसला आणि या धामधुमीत टेकडीवरचे देऊळ उरले नाही.

कोळ्यांची कथा याच काळातली आहे. एका कोळ्याला स्वप्न पडले की समुद्रात मूर्ती सापडेल, आणि ती खरोखर पाण्यावर तरंगताना मिळाली. ही श्रद्धेची गोष्ट आहे, तशीच मी ती सांगतो. तिच्यात मूर्ती सापडते ती जाळे टाकणाऱ्याला, किल्लेदाराला किंवा पाद्र्याला नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

१७६०-६१ च्या सुमारास देऊळ पुन्हा उभे राहिले. तेव्हा साष्टीवर राज्य होते पेशव्यांचे. इंग्रज ठाण्यात आले ते १७७४ च्या अखेरीस. म्हणजे हे देऊळ फिरंगी राजाच्या आश्रयाने परत बांधले गेले नाही. जुनी मूर्तीही दुरुस्त होऊन आपल्या जागी आली. आज दिसते ती इमारत १९०४ ची आहे आणि तिचे वास्तुरचनाकार शापूरजी चंदाभॉय हे पारशी.

पारशांचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. पूर्वी माहीमहून वांद्र्याला होडीने जावे लागे आणि पावसाळ्यात होड्या उलटत. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी सुमारे दीड लाख रुपये खर्चून दोहोंमधला बांध बांधवला. १८४५ साली तो खुला झाला. त्यांची अट एकच होती: इथून जाणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही. देणगीला अटी अनेकजण घालतात. पाटीवर नाव, कोनशिला, फोटो. आपल्या कामाच्या निमित्ताने मी तशा बऱ्याच पाहिल्या आहेत. अवाबाईंची अट मात्र चालत येणाऱ्या माणसाच्या सोयीची होती.

धर्मापुरीच्या माणसाला पडलेली आणि उरलेली देवळे नवीन नाहीत. आमच्याकडे केदारेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर आहे आणि त्याच्या भिंतींवरची शिल्पे पाहत आमची मुले मोठी होतात. टेकडीवर आमच्या मंडळींना नवल वाटले ते दगडाचे नव्हे, माणसांचे. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याची जत्रा भरते. कोळणी नऊवारी नेसून येतात, हिंदू येतात, पारशी येतात, मुसलमानही येतात. दाराशी कोणी कोणाला जात विचारत नाही. त्या बाईलाही कोणी विचारले नाही. ती आत गेली आणि बराच वेळ भिंतीला टेकून बसून राहिली.

बाहेर मेणाच्या वस्तूंची दुकाने असतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, मूल हवे असेल तर मेणाचे बाळ. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळींत असा नवस नाही आणि मी स्वतः साधी मेणबत्तीच घेतली. तिने मात्र घासाघीस करून मेणाचे घर घेतले.

तिच्या वस्तीवरील पालांच्या जागेचा अर्ज तहसील कचेरीत आहे. ग्रामपंचायतीचा ठराव जोडून झाला, रहिवासाचे पुरावे गोळा करणे चालू आहे. पुढच्या अंकात त्याची माहिती देऊ.