जुन्या मालमोटारीचा स्पार्क प्लग

दिसावयास क्षुल्लक परंतु करणीनें मोठी अशी जी एक वस्तु मोटारीच्या एंजिनांत असते, तिच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. ती वस्तु म्हणजे स्पार्क प्लग. पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण दट्ट्यानें दाबलें गेलें म्हणजे ऐन क्षणीं ठिणगी पाडून तें पेटवावयाचें, एवढेंच याचें काम. जुन्या मोटारींच्या मिरवणुकींत ताठ कांचेच्या व लांकडी हौद्याच्या मालमोटारी आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. अशी गाडी ज्यांच्या घरीं आहे त्यांना बाजारांत हटकून प्रश्न पडतो, कीं हिला प्लग घालावा तरी कोणता?

सर्व गाड्यांना पुरेल असें एक उत्तर नाहीं. म्हणून आम्ही एकच गाडी डोळ्यांपुढें ठेवितों. फोर्ड कंपनीनें इ. स. १९२८ च्या सुमारास ‘मॉडेल एए’ नांवाची दीड टनी मालमोटार काढिली. त्याच कंपनीनें १९२६ सालीं हिंदुस्थानांतहि आपली कंपनी स्थापन केली होती. तेव्हां हें घराणें आपल्या रस्त्यांना अनोळखी नाहीं. या गाडीचें एंजिन चार सिलिंडरांचें, सुमारें ३.३ लिटरांचें, आणि मिनिटास २,२०० फेऱ्यांच्या वेगानें ४० अश्वशक्ति देणारें. त्या वेगांत प्रत्येक प्लगला मिनिटास ११०० ठिणग्या पाडाव्या लागतात. मात्र तें स्वभावानें शांत आहे. त्यांत मिश्रण मूळ आकारमानाच्या सुमारें चौथ्या हिश्श्याइतकेंच दाबलें जातें. आजच्या पेट्रोलच्या मोटारींत तें दहाव्या हिश्श्याच्या आसपास जातें. हा भेद ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

प्रथम आटे पाहावेत. या एंजिनाच्या प्लगाच्या आट्यांचा व्यास सातअष्टमांश इंच, म्हणजे सुमारें २२ मिलिमीटर आहे. हल्लींचे बहुतेक प्लग १४ मिलिमीटरांचे किंवा त्याहून बारीक असतात. जाडा प्लग सहज मिळत नाहीं म्हणून कित्येक दुकानदार मध्यें एक पितळी अडॅप्टर घालून बारीक प्लग बसवून देतात. असा एक प्रयोग आमच्या समोरच झाला. गाडी सपाटीवर बरी चाले. चढ आला कीं अडखळे. कोणी कार्ब्युरेटरला दोष देई, कोणी पेट्रोलला. शेवटीं प्लग उघडून पाहिले तों त्यांचीं टोंकें अडॅप्टरच्या आंत, विहिरीच्या तळाशीं बसावें तशीं, दडून राहिलेलीं! ताजें मिश्रण तेथपर्यंत नीट पोंचेना. मूळ मापाचे प्लग घालतांच ती तक्रार मिटली; परंतु तोंवर दोन दिवस व बरेंच पेट्रोल फुकट गेलें होतें. याच्या उलट, प्लगाची आंत जाणारी लांबी जास्त झाली तर उघड्या आट्यांवर काजळी धरते, आणि कांहीं एंजिनांत टोंक दट्ट्यावर किंवा व्हॉल्व्हवर आदळून मोठीच हानि होते. जुन्या एंजिनाचा फुटका दट्ट्या कांहीं कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळत नाहीं.

आटे व लांबी डोळ्यांना दिसतात. परंतु तिसरें माप, म्हणजे प्लगाची उष्णता, दिसत नाहीं; आणि फसगत होते ती बहुधा येथेंच. लोहार तापलेली सळई ओल्या वाळूंत खोंचतो. वर बोटभरच टोंक राहिलें तर तें लौकर निवतें. हातभर राहिलें तर पुष्कळ वेळ लाल राहतें. प्लगाच्या आंतील चिनी मातीच्या नाकाचें असेंच आहे. नाक आंखूड असेल तर उष्णता चटकन बाहेर निघून जाते; त्यास थंड प्लग म्हणतात. नाक लांब असेल तर टोंक तापलेलें राहतें. तो गरम प्लग. टोंकाची उष्णता सुमारें ४५० अंश सेंटिग्रेडच्या खालीं राहिली तर त्यावरील काजळी जळत नाहीं, सांचत जाते, आणि वीज ठिणगी न पाडतां त्या काजळीवरूनच निसटते. ती ८५० अंशांच्या वर गेली तर ठिणगीची वाट न पाहतां तापलेलें टोंकच मिश्रण पेटवितें. अवेळीं पेटलेल्या मिश्रणानें दट्ट्यास भोंक पडल्याचीं उदाहरणें आहेत.

आमच्या मालमोटारीचें एंजिन मंद व कमी दाबाचें. तेव्हां तिला गरम वर्गांतला प्लग शोभतो. शर्यतीच्या गाडीसाठीं केलेला महागडा थंड प्लग तिला घालणें म्हणजे काजळीला निमंत्रण देणें. मूळचा प्लग चँपियन कंपनीचा ‘३ एक्स’ हा होता. दुसरा घेणें झाल्यास त्याच्या तोडीचा कोणता हें कारखान्याच्या तक्त्यांत पाहावें, नुसत्या आंकड्यावर जाऊं नये. चँपियनच्या प्लगांत आंकडा चढला कीं प्लग अधिक गरम. जपानच्या एनजीके कंपनीच्या प्लगांत आंकडा चढला कीं अधिक थंड! ही उलटापालट ज्यानें कोणी केली असेल त्यानें गिऱ्हाइकाचा विचार केला नाहीं, असें आमचें मत आहे.

येथें पालकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. दट्ट्याच्या कड्या झिजल्या म्हणजे तेल वर चढतें व प्लग ओले होतात. अशा वेळीं एक पायरी अधिक गरम प्लग घातला तर गाडी कांहीं दिवस बरी चालते. घरीं पोंचण्यापुरता हा उपाय ठीक. परंतु विकावयाच्या गाडीचा रोग झांकण्यासाठीं कोणी तो केला तर तें लबाडीचें काम होय. म्हणून जुनी गाडी घेतांना ती चालवून पाहावी, एंजिन निवूं द्यावें, आणि मग चारी प्लग काढून दाखविण्यास सांगावें. टोंक फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक जात आहे किंवा प्लग थंड आहे. तेलकट काळें असेल तर कड्यांचा संशय धरावा. पांढरें पडून फोड आलेले दिसले तर एंजिन फार तापतें आहे. चारी प्लग अगदीं कोरे करकरीत दिसले, तर जुने कोठें आहेत तें विचारावें.

फट ठेवावयाची ती ३५ सहस्रांश इंच, म्हणजे जवळजवळ ०.९ मिलिमीटर. नवा प्लग असला तरी मापपट्टी घालून पाहावीच. वांकवावयाचें तें बाजूचें टोंक. मधल्यास हात लावूं नये, नाहीं तर चिनी माती तडकते. बसवितांना आटे व बैठक पुसून घ्यावी, खालीं तांब्याचें वॉशर आहे ना तें पाहावें, आणि प्रथम प्लग हातानेंच फिरवावा. तो सहज उतरला म्हणजेच पाना लावावा. मॉडेल एएमध्यें डिस्ट्रिब्यूटरपासून प्लगापर्यंत तारांऐवजीं धातूच्या चार आंखूड पट्ट्या आहेत. पेटण्याचा क्रम १, २, ४, ३ असा असला तरी प्रत्येक पट्टी आपापल्या प्लगापुरतीच पोंचते. त्यामुळें नवशिक्याच्या हातूनहि त्यांची अदलाबदल होत नाहीं.