बिलियनवर शून्ये किती?

बिलियन म्हणजे शंभर कोटी, आपला अब्ज, हे आज शाळकरी मूलही सांगेल. पण पन्नासेक वर्षांपूर्वीचे एखाद्या इंग्रज लेखकाचे पुस्तक हाती असेल, तर जरा थांबावे. त्या काळी इंग्लंडात बिलियन म्हणजे दशलक्ष गुणिले दशलक्ष, एकावर बारा शून्ये. आपल्या बोलीत एक लाख कोटी! अमेरिकेत मात्र त्याच शब्दावर नऊच शून्ये. भाषा एक, शब्द एक, आणि फरक हजारपटीचा. बँकेत एका शून्यापायी रात्री दहापर्यंत हिशेब जुळवत बसलेल्या माझ्यासारख्याला यानेच धडकी भरते.

मूळ हिशेब इंग्लंडचाच सरळ होता. निकोला शुके या फ्रेंच गणितज्ञाने १४८४ साली बिलियन लिहिला तो दशलक्षाच्या वर्गासाठी. ‘बाय’ म्हणजे दोन. पुढे फ्रान्समध्येच हजाराहजाराने चढणारी दुसरी रीत रुळली आणि अमेरिकेने ती उचलली. अखेर २० डिसेंबर १९७४ रोजी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी संसदेत लेखी उत्तर दिले, की जगभर आता हजार दशलक्षांनाच बिलियन म्हणतात, तेव्हा ब्रिटिश मंत्र्यांनी वेगळा अर्थ घेतल्यास गोंधळ होईल. आपला ‘लाख कोटी’ दिसायला ओबडधोबड खरा, पण त्याला असा खुलासा कधी लागला नाही.

जर्मनांनी मात्र आपले सोडलेले नाही. त्यांच्याकडे नऊ शून्यांना ‘मिलियार्ड’ म्हणतात. ‘बिलियोन’वर अजून बाराच शून्ये असतात. जर्मन अर्थवृत्ताचे भाषांतर करणाऱ्याने तिथे ट्रिलियन लिहायचा असतो.